बेघर गाणी आणि बेघर केलेली गाणी

‘पिंक फ्लॉइडचे सगळे अल्बम कशाला हवेत? “एकोज” घ्या, चांगलं ते सगळं त्यात आलंय.’ या ब्रिटिश रॉक बँडच्या निवडक गाण्यांच्या संकलनाविषयीचं एका संगीतप्रेमी स्नेह्यांचं हे वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही. चांगलं तेवढं वेगळं काढता येतं, म्हणजे उरलेलं सगळं भूस, असंच ना?

त्यांचा ‘डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो आणि ठोक्यांवरच विरतो, हे नव्याने सांगायला नको. या संगीतात गाणं हा सुटा नग नसतोच. बँडने हा आग्रह कोर्टापर्यंत नेला. त्यांच्या संमतीशिवाय अल्बम फोडून एकेक गाणं ऑनलाइन विकता येणार नाही, असा निकाल लंडनच्या उच्च न्यायालयाने मार्च २०१० मध्ये ईएमआय कंपनीविरुद्ध दिला.

संकलनांमध्ये मी नेहमी एक भेद करत आलो. १९७१चं ‘रेलिक्स’ ईएमआयच्या ‘स्टारलाइन’ या स्वस्तातल्या लेबलवर निघालं. पण ‘अर्नॉल्ड लेन’ आणि ‘सी एमिली प्ले’ ही १९६७ची सिंगल्स तोवर ब्रिटनमधल्या त्यांच्या एकाही अल्बममध्ये नव्हती. ‘रेलिक्स’ने त्या बेघर गाण्यांना छप्पर दिलं. २००१चं ‘एकोज’ मात्र बहुतांशी नांदत्या घरांतून गाणी उचलून आणतं. पहिलं काम पुण्याचं, दुसरं नुसतं दुकानदारीचं, असा माझा हिशेब होता.

इथे आपल्याकडच्या जुन्या तबकड्या आठवतात. ७८ आरपीएमच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. मैफलीत तासभर ख्याल रंगवणाऱ्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी तेवढ्या वेळात राग उभा केला. ते गाणं कापलेलं वाटत नाही, कारण ते तेवढ्याच वेळासाठी घडवलेलं आहे. म्हणजे पूर्णपण लांबीत नसतं. मांडणीमागे कोणी विचार केला आहे का, यात असतं.

आणि हाच निकष ‘एकोज’ला लावला की माझा हिशेब डळमळतो. यातली २६ गाणी कालक्रमाने येत नाहीत. ध्वनी-अभियंते जेम्स गथ्री यांनी बँडसोबत ती एकमेकांत मिसळून जातील अशी गुंफली आहेत. बँडचा सुरुवातीचा गायक-गीतकार सिड बॅरेट १९६८ मध्ये बँडमधून बाहेर पडला. तरी २६ पैकी पाच गाणी त्याची आहेत. नुसती ‘चांगली’ निवडायची असती, तर ध्वनितंत्रात पुढे कितीतरी सरस ठरलेल्या या बँडने त्या कोवळ्या दिवसांना एवढी जागा दिली असती का? दुसऱ्या डिस्कचा शेवट ऐका. बॅरेटच्या उणिवेतून आलेलं १९७५चं ‘विश यू वेअर हिअर’ संपतं आणि लगेच त्याचा स्वतःचा आवाज येतो, १९६८च्या ‘जगबँड ब्लूज’मध्ये. मग १९९४चं ‘हाय होप्स’, आणि शेवटी पुन्हा तोच, ‘बाइक’ घेऊन. ब्रिटनमध्ये पहिला अल्बम याच गाण्यावर संपला होता, ‘रेलिक्स’सुद्धा. पण इथे ते मागच्या साऱ्या वर्षांचं ओझं घेऊन येतं. हाक आणि ओ यांना सात वर्षांच्या अंतरावरून, तेही उलट्या क्रमाने, शेजारी बसवणं मूळ अल्बमपैकी एकालाही शक्य नव्हतं.

तेव्हा स्नेह्यांशी माझं भांडण आता वेगळंच आहे. ‘एकोज’ बाकीच्या अल्बमांना पर्याय नाही, कारण तो त्यांचा सारांशच नाही; तो बँडने स्वतःविषयी केलेला एक वेगळा अल्बम आहे. मूळ अल्बम न ऐकता तो घेणाऱ्याला त्याची अर्धी ताकद कळायची नाही. ज्यावरून या संकलनाला नाव मिळालं ते तेवीस मिनिटांचं ‘एकोज’ हे गाणं साडेसोळा मिनिटांवर आणलं, ते मात्र मला मुळीच पटत नाही. गाणी हलवा, शेजार बदला. त्यातून नवा अर्थ निघतो. त्या सात मिनिटांच्या कापाकापीतून डिस्कवर जागा झाली, एवढंच.