काळजी करणे आणि काळजी घेणे

श्रीक्षेत्र कवठे येमाई येथे येणारा बहुतेक प्रत्येक भाविक कसली ना कसली चिंता घेऊन येतो. कोणाला मुलीच्या लग्नाची, कोणाला कांद्याच्या भावाची, तर कोणाला मुलाच्या परीक्षेची. हात जोडलेले असतात, समोर देवी असते; मन मात्र घरीच राहिलेले असते. बाहेर आल्यावर देवीच्या साडीचा रंगही आठवत नाही आणि आपली श्रद्धाच कमी पडली, अशी खंत वाटते. वस्तुतः हा दोष श्रद्धेचा नव्हे. एका वेळी मनात मावते तेवढेच मावते आणि चिंता तीच जागा अडवून बसते.

आपल्या पूर्वसूरींनी हे सूक्ष्मपणे जाणले होते. पतंजलींनी योगसूत्रांत चित्ताला विचलित करणारे नऊ अंतराय सांगितले. त्यांत संशय आहे, तसेच भ्रांतिदर्शन, म्हणजे चुकीचे दिसणे, हेही आहे. दुःख, मनाची खिन्नता, अंगाचा कंप आणि श्वासाची अनियमितता ही त्या विक्षेपाची लक्षणे होत. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाची हीच अवस्था होते. ज्याला एकेकाळी पक्ष्याचा केवळ डोळाच दिसत होता, त्याच्या हातून गांडीव गळू लागते. विद्या तीच होती; मन भ्रमले होते.

१९०८ साली अमेरिकेतील यर्क्स व डॉडसन यांनी उंदरांवर प्रयोग केले. सोपे काम शिकताना ताण वाढला तरी चालतो, परंतु अवघड काम शिकताना तो प्रमाणाबाहेर गेला की शिकणे मंदावते, असे त्यांना आढळले. म्हणजे विचारपूर्वक करावयाच्या कामातच चिंता अधिक नडते.

मग चिंता सोडणे म्हणजे आपल्या माणसांविषयी निष्ठुर होणे काय? याचे उत्तर येमाईच्या नावाविषयी महाराष्ट्रात सांगितल्या जाणाऱ्या लोककथेत आहे. सीतेच्या शोधात प्रभू रामचंद्र वनोवनी फिरत असता पार्वतीमाता सीतेचे रूप घेऊन त्यांच्यासमोर आली. व्याकुळ मनाला जे हवे असते तेच दिसते. परंतु रामांनी तिला तत्काळ ओळखले आणि 'ये माई' अशी हाक मारली. सीतेवरील त्यांचे प्रेम कमी नव्हते, शोधही थांबला नव्हता. केवळ दुःखाने दृष्टी झाकोळली नव्हती.

मराठीत 'काळजी' हा एकच शब्द दोन क्रियापदांसह येतो. काळजी करणारा रात्रभर जागतो आणि सकाळी थकलेला असतो. काळजी घेणारा औषध वेळेवर देतो, पिकाला पाणी सोडतो, मुलाचा अभ्यास घेतो. प्रेम दोघांचेही असते. परंतु आपल्या माणसाच्या उपयोगी पडते ते घेणेच.

भाविकांनी दर्शनापूर्वी क्षणभर शांत बसावे, श्वास संथ होऊ द्यावा आणि आपल्या चिंतेपैकी आज हातात काय आहे, एवढेच ठरवावे. उरलेले देवीच्या चरणी ठेवावे. मन पुन्हा भटकेल. त्याला पुन्हा आणावे, यालाच अभ्यास म्हणतात. झोप व भूक दीर्घकाळ हरपली असल्यास मात्र वैद्यकीय सल्ला अवश्य घ्यावा. शासनाची 'टेली-मानस' ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य दूरध्वनी सेवा २०२२ साली सुरू झाली आहे. असे साहाय्य घेणे हेही काळजी घेणेच होय.

आई येमाई सर्व भाविकांना स्थिर चित्त आणि स्वच्छ दृष्टी देवो, हीच प्रार्थना.