श्रमाचा आनंद व श्रमाचे नाव
(निर्गम ३५:२५-३५)



निवासमंडपाच्या वृत्तांतात बसालेल व अहलियाब या कारागिरांची नावे आपणांस आढळतात. परंतु ज्या स्त्रियांनी सूत व बकऱ्यांचे केस कातले, त्यांपैकी एकीचेही नाव तेथे नाही. तरी त्यांच्या सुतावाचून मंडपाचे पडदे झाले नसते.

आपल्या महाराष्ट्रातही असेच घडले. पंडिता रमाबाईंनी केडगाव येथे मूळ इब्री व हेल्लेणी भाषांवरून पवित्र शास्त्राचे साध्या मराठीत भाषांतर केले. ता. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूमध्ये निजल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. त्याचे खिळे मुक्तिसदनातील स्त्रियांनी जुळविले. त्यांची नावे आज कोण जाणतो? ते भाषांतरही मंडळ्यांत क्वचितच वाचले जाते. मग ते श्रम व्यर्थ गेले काय? मुळीच नाही. अक्षरओळखीवाचून आश्रयास आलेल्या हातांनी प्रभूचे वचन खिळ्याखिळ्याने उभे केले. त्यांचे वेतन त्यांस तेव्हाच मिळू लागले होते.

आम्हां खेड्यांतील सेवकांचेही असेच आहे. एकाने पेरावे, त्याची बदली व्हावी आणि कापणी दुसऱ्याने करावी, असे पुष्कळदा होते. अहवालात आपले नाव नाही म्हणून आमचे मन खट्टू होते. परंतु एखादे मूल प्रथमच आपल्या शब्दांनी प्रार्थना करते, त्या घटकेचा आनंद कोणता अहवाल देणार? नावाची आस धरली, तर तो आनंदही हातचा जातो. यास्तव हाती आलेले काम आपण देवासमोर नीट करू या. नावांची वही त्याच्याजवळ आहे.