निवटीने कधी जुळवून घेतलं?

ओहोटीला मुरबे-सातपाटीच्या खाडीवर गेलात, तर चिखलात निवट्या उड्या मारताना दिसतील. कालवणात पडते तीच निवटी. डोळे डोक्यावर, श्वास ओल्या कातडीतूनही, आणि पुढचे पर टेकत चक्क चालणारा मासा.

पण निवटीची सगळी भावंडं सारखी नाहीत. बोलिओफ्थॅल्मस ओल्या चिखलात राहून वरचा शेवाळी थर खरवडून खाते. तिची चुलत बहीण पेरिऑफ्थॅल्मस जास्त वेळ पाण्याबाहेर काढते, किडे-खेकडे पकडते. २०१४ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये अशा चार जातींच्या जीनोमची तुलना छापून आली. अमोनिया बाहेर टाकणाऱ्या आणि रोगांशी लढणाऱ्या जनुकांत बदल सापडले. नजरेची काही जनुकं एका जातीत शाबूत, तर दुसरीत गायब. आमच्या भाषेत, एकाच कोडबेसच्या चार ब्रँचेसचा डिफ. एकटी निवटी बघून त्यातलं जुनं काय नि नवं काय ते कळत नाही.

फक्त हा डिफ टिकलेल्या ब्रँचेसचाच निघतो. डिलीट झालेल्या त्यात नसतात.

डहाणू लोकलमध्ये वाढवण बंदराचा विषय निघाला (७६,२०० कोटी, केंद्राची मंजुरी २०२४ची), की कुणीतरी शिकलेला म्हणतोच, "अरे, निसर्ग अ‍ॅडजस्ट होतो. मासे होतील, मच्छीमारही होतील." वर डार्विनचं नाव. तारापूरला १९६९ पासून अणुवीज केंद्र आहे, शेजारी एमआयडीसी आहे, त्यामुळे हे वाक्य इकडे चांगलंच मुरलंय.

खरं तर एकाही निवटीने कधी जुळवून घेतलेलं नाही. ज्यांची कातडी लवकर सुकायची त्यांची पिल्लं कमी जगली, हे हजारो पिढ्या चाललं, आणि उरलेल्यांना आपण 'अनुकूलित' म्हणतो. म्हणजे 'होतील अ‍ॅडजस्ट'चं साधं मराठी असं: काही उरतील, आणि आपण तेवढेच मोजू.

माणूस माशापेक्षा कितीतरी जास्त शिकू शकतो, हे मान्य. पण पन्नाशीच्या तांडेलाला नवं काम शिकायला वेळ, पैसा आणि मुळात ते काम लागतं. ते द्यायचं की नाही, हे कुणीतरी ठरवतं. निवटीच्या पूर्वजांवर ओहोटी कुणी मंजूर करून आणली नव्हती. बंदराच्या फाइलवर मात्र सह्या आहेत, आणि सही करणाऱ्याला विचारता येतं: कुणाच्या किती बोटी बंद होणार, आणि त्यांच्या पोरांचं काय?