आसन कुणाचं? (गीता ६.११)



आजचा श्लोक ध्यानाच्या आसनाचा. खाली कुश, वर मृगाजिन, त्यावर वस्त्र. फार उंच नको, फार खालीही नको. मी आजवर उंचीचाच भाग लक्षात ठेवला.

बाबांची २००४ ची मारुती ८००. त्यांची कंबर दुखते, म्हणून चंद्रपुरातल्या भंगारवाल्याकडून वॅगन आरच्या सीटा आणल्या. बोल्टची भोकं जुळेनात. मिस्त्री म्हणाला, "पट्टी वेल्ड करून देतो ना भाऊ." उंची मात्र मी टेपने मोजून घेतली. इंजिनिअर ना!

मार्कंडेश्वराला निघालो. मूल रोडवर चिचपल्लीजवळ चितळ आडवं आलं. ब्रेक मारला, तशी बाबांची सीट एका बाजूने उखडून पुढे झुकली. बाबा दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून. "माझी जुनीच बरी होती ना बापा," एवढंच बोलले. तिथूनच परतलो.

रात्री श्लोक पुन्हा वाचला. उंचीच्या आधी दोन शब्द आहेत: 'स्थिर' आणि 'आत्मनः', म्हणजे स्वतःचं. दोन्ही मी वगळून वाचत होतो. जपाचंही तेच केलंय मी. कुणाचा तरी पहाटे चारचा दिनक्रम माझ्या नाईट शिफ्टला वेल्ड केला. पहिल्याच प्रॉडक्शन इश्यूला तो निखळला. आता लॅपटॉप बंद केल्यावर एक माळ. तेवढीच, पण रोज.

जुन्या सीटा अंगणातच होत्या. कुशनवाल्याने त्याच सांगाड्यावर नवा फोम चढवला, बोल्ट मूळच्याच भोकांत बसले. सोमवारी पुन्हा मार्कंड्याला जातोय.

उद्या श्लोक १२.