श्रेयाचा त्याग कोणी करावा?

संशोधकाचे मोल त्याच्या नावावरील शोधनिबंधांवरून ठरविण्याची पद्धत आज सर्वमान्य झाली आहे. प्रत्येक कर्माला एक निश्चित कर्ता असतो आणि त्याचे श्रेय त्याच्या खात्यावर नेमके मांडता येते, हे या पद्धतीचे गृहीतक आहे. भगवद्गीतेला ते मान्य नाही. अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे कर्माचा आधार, कर्ता, करण म्हणजे साधने, चेष्टा म्हणजे नानाविध व्यापार, आणि दैव, आणि जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची दृष्टी अपुरी ठरविली आहे. त्यातच फलासक्ती सोडण्याचा उपदेश जमेस धरला, तर श्रेयाची अपेक्षा हे अज्ञानच मानावे काय, असा प्रश्न उभा राहतो.

येल्लाप्रगडा सुब्बाराव (1895–1948) यांच्या कार्यात हा प्रश्न मूर्त झालेला दिसतो. आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेल्या सुब्बारावांना तरुणपणी रामकृष्ण मिशनमध्ये संन्यास घ्यावयाचा होता, परंतु आईने संमती न दिल्याने ते वैद्यकाकडे वळले आणि 1923 मध्ये अमेरिकेत गेले. हार्वर्ड येथे सायरस फिस्के यांच्यासमवेत त्यांनी 1925 मध्ये फॉस्फरस मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. नमुन्यातील फॉस्फेटचा मॉलिब्डेटशी संयोग घडवून त्याचे क्षपण केले असता निळा रंग उमटतो आणि त्याच्या गडदपणावरून फॉस्फरसचे प्रमाण कळते, हे तिचे तत्त्व. पुढे स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन आणि पेशींना ऊर्जा पुरविणारे एटीपी हे संयुग यांवरील निबंधही दोघांच्या नावे निघाले; तरीही हार्वर्डने सुब्बारावांना कायमचे पद दिले नाही, आणि 1940 मध्ये ते लेडर्ले या औषधकंपनीच्या प्रयोगशाळेत गेले.

तेथे त्यांच्या नेतृत्वाखाली फॉलिक आम्लाचे संश्लेषण सिद्ध झाले. या जीवनसत्त्वाच्या शोधाचा एक धागा मुंबईत पोहोचतो. ल्युसी विल्स यांनी 1928 पासून परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना मुंबईतील गरोदर स्त्रियांच्या पांडुरोगाचा, म्हणजे रक्तक्षयाचा, अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्कातील कोणत्यातरी घटकाने तो बरा होतो असे दाखविले. हा घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. फॉलिक आम्लाच्या रेणूतील एका हायड्रॉक्सिल गटाच्या जागी अमिनो गट बसविला की अमिनोप्टेरिन तयार होते. ते फॉलिक आम्लाची जागा अडवून पेशींना नवे डीएनए घडवू देत नाही, त्यामुळे झपाट्याने विभागणाऱ्या पेशींची वाढ खुंटते. सुब्बारावांच्या प्रयोगशाळेत तयार झालेले हे औषध बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी तीव्र रक्तकर्करोग झालेल्या 16 मुलांना दिले, त्यांपैकी 10 मुलांच्या प्रकृतीत तात्पुरती पण ठळक सुधारणा झाली आणि जून 1948 मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत सुब्बाराव नव्हते, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले. याच कुळातील मेथोट्रेक्सेट पुढे प्रतिकारशक्तीच्या क्षेत्रातही उपयोगी ठरले: आमवातात शरीराच्याच सांध्यांवर उलटलेला प्रतिकार ते आवरते, आणि अस्थिमज्जारोपणानंतर दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर चढविलेला हल्लाही त्याने रोखता येतो.

या परंपरेत पाचही कारणे स्पष्ट दिसतात. रुग्णांचे देह हे अधिष्ठान होते, रंगमापनाची पद्धत आणि रेणू ही साधने होती, अनेक रसायनज्ञांचे व वैद्यांचे परिश्रम या चेष्टा होत्या, आणि एका जीवनसत्त्वाचा शोध कर्करोगाच्या औषधापर्यंत जाईल हे कोणाच्याही योजनेत नव्हते. म्हणून एखाद्या शोधावर एकट्याचा हक्क सांगणे चूकच होय. परंतु कर्ता हेही त्या पाचांतील एक कारण आहे आणि गीतेने ते वगळलेले नाही, हे विसरता येत नाही. शिवाय शोधनिबंधावरील नाव हे केवळ मानाचे स्थान नसून उत्तरदायित्वाची कबुली असते, कारण निष्कर्ष चुकीचा ठरला तर जाब त्या नावालाच विचारला जातो.

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त, ज्ञानप्राप्तीनंतरही लोकसंग्रहासाठी, म्हणजे समाजाच्या धारणेसाठी, कर्म करीत राहिले पाहिजे असे प्रतिपादन केले आहे. संन्यास घेऊ पाहणाऱ्या सुब्बारावांचे प्रयोगशाळेतील आयुष्य या विचाराला साक्ष देणारे आहे. मात्र लोकसंग्रहाला कर्त्याचे उदाहरण लोकांसमोर असावे लागते, आणि नाव पुसले गेले की उदाहरणही हरपते. त्याग स्वतःच्या वस्तूचाच करता येतो. दुसऱ्याच्या श्रेयावर पाणी सोडून त्याला निष्काम कर्म म्हणणे हा त्यागाच्या नावाखाली घडलेला अन्याय आहे. फलत्यागाचे व्रत कर्त्याने स्वतःपुरते घ्यावे. समाजावर मात्र ऋण मान्य करण्याचे कर्तव्य उरतेच, आणि ते सुब्बारावांइतकेच, ज्यांची नावे कोणत्याही निबंधावर नाहीत अशा मुंबईतील त्या स्त्रियांच्या आणि बोस्टनमधील त्या मुलांच्या बाबतीतही लागू आहे.