झाडाला इजा नको
अमेरिकेत एका शेजाऱ्याने मला हरणाच्या शिकारीचे साहित्य दाखविले. बुंध्याला पट्ट्याने आवळायच्या हलक्या पायऱ्या होत्या त्या. तिकडच्या पुष्कळ सरकारी रानांत झाडात खिळा वा स्क्रू ठोकायला बंदी. पट्टा चालतो, कारण साल दुखावत नाही. मला हसू आले. झाडाची एवढी माया, आणि वर बसून बाण मारायचा तो हरणाच्या काळजात!

तो शांतपणे म्हणाला, “उंचावरून माणसाचा वास लवकर लागत नाही. हरीण जवळ येते, नेम सहसा चुकत नाही, ते तडफडत नाही.”

माझे हसू मावळले. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर शिकारीची मचाणे उतरत गेली, याचा मला कोण अभिमान! पण दर रविवारी मी पिशवी घेऊन खाटकाच्या दुकानापुढे उभा असतो, आणि कोपऱ्यात बांधलेल्या बकऱ्याकडे पाहायचे टाळतो.