अन्नपाननिरोध आणि दारातले कुत्रे

जैन आचारशास्त्रात अहिंसाणुव्रताचे, म्हणजे गृहस्थाने आपल्या मर्यादेत पाळावयाच्या अहिंसाव्रताचे, पाच अतिचार सांगितले आहेत. व्रत उघड मोडत नसले तरी त्याला डाग लावणारे वर्तन म्हणजे अतिचार. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राने बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध अशी त्यांची गणना केली आहे. त्यांतील शेवटचा, म्हणजे आश्रित जिवाचे अन्नपाणी रोखणे, हा जळगाव-धुळ्याकडे कुत्रे पाळणाऱ्या प्रत्येक घराने, ते जैन असो वा नसो, मनावर घ्यावा असा आहे. कुत्र्याचे ताट रोज भरलेले असेल, पण त्यातले अन्न त्या देहाला पोसत नसेल किंवा अपाय करीत असेल, तर निरोध घडला की नाही, हा खरा प्रश्न आहे.

शब्दाला धरून पाहिले तर तो घडला नाही. परंतु त्याच ग्रंथाने हिंसेची व्याख्या प्रमत्तयोगावर, म्हणजे बेसावध मन, वाणी आणि देह यांच्या व्यापारावर उभी केली आहे. यावर असा आक्षेप घेता येईल की, जपून चालणाऱ्या मुनीच्या पायाखाली नकळत किडा मेला तरी जैन विचार त्याला हिंसेचा दोष लावत नाही, मग मायेने खाऊ घालणाऱ्या मालकाला तो का लागावा? मुनीला सूट मिळते ती त्याने पुढची जमीन डोळ्यांनी पाहिलेली असते म्हणून. या पाहून चालण्याला ईर्यासमिती म्हणतात. मालकाची सूटही त्याने पाहिले होते की नाही यावरच ठरते, आणि त्याच्या बाबतीत पाहणे म्हणजे त्या प्राण्याच्या शरीराची माहिती करून घेणे.

खानदेशी स्वयंपाकघरात ही जमीन चांगलीच निसरडी आहे. वांग्याच्या भरितात कांद्याची पात आणि लसूण, शेवभाजीच्या रश्श्यात वाटलेला कांदा, आणि उरलेली कळण्याची भाकरी त्यात कुस्करून कुत्र्यापुढे ठेवण्याची जुनी रीत. कांदा-लसणातील गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. मात्र अशक्तपणा काही दिवसांनी दिसत असल्याने भरिताचा संशय कोणाला येत नाही. कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या घरात हा धोका नसतो, पण प्रसादाच्या शिऱ्यातील बेदाणे तेथेही असतात, आणि त्यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. भाकरी स्वतः दोषी नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानुसार पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा पुष्कळ अधिक आहेत, म्हणजे माणसाच्या धान्याशी त्याचे शरीर जुळत आले आहे. तरीही नुसत्या भाकरीत त्याला पुरेशी प्रथिने आणि कॅल्शियम मिळत नाही, आणि उलट मोठ्या जातीच्या पिलाला मनाने कॅल्शियमचे टॉनिक पाजले तर त्याची हाडे बिघडू शकतात.

मग ऐकावे कोणाचे? अमळनेरला १९१६ मध्ये प्रताप शेठजींच्या आश्रयाने तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले, त्या जिल्ह्यात हा प्रश्न न्यायदर्शनाच्या भाषेत मांडणे गैर ठरू नये. न्यायशास्त्र आप्ताच्या उपदेशाला प्रमाण, म्हणजे खऱ्या ज्ञानाचे साधन, मानते. आणि भाष्यकार वात्स्यायनांच्या मते आप्त तो, ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे. दोन्ही अटी एकदम लागतात. पिले विकणाऱ्याला अनुभव असतो, पण विक्रीचा हेतूही असतो; खाद्याच्या पिशवीवरील घटकांची यादी उपयोगी असते, त्यावरील चित्र नव्हे; शेजाऱ्याची सदिच्छा पूर्ण असते, पण त्याने सुचवलेली माणसांची आयबुप्रोफेनची गोळी कुत्र्याच्या जठराला व्रण पाडू शकते. पशुवैद्यालाही आहारात काय आणि किती, औषध कशासाठी, असे विचारणे हा अविश्वास नव्हे, कारण वात्स्यायनांनी आप्तत्व जातीला वा पदाला बांधलेले नाही: ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही त्यांनी एकच लक्षण लावले आहे.

रेबीजच्या बाबतीत मात्र विचाराला फारशी जागा नाही. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ निश्चितपणे मारतो, म्हणून सुमारे तीन महिन्यांच्या पिलाला लस आणि पुढे पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणे पुन्हा लस, हे त्या जिवाचे जसे देणे आहे तसेच गल्लीतल्या मुलांचेही.

सर्वांत अवघड उरतो तो शाकाहारी व्रताचा प्रश्न. मांस आणि अंडी ज्या घरात येत नाहीत, त्या घराने आपले व्रत कुत्र्यावर लादावे काय? मांजराला असा आहार मानवत नाही; कुत्रे तो पेलू शकते, पण डाळ, दही, पनीर यांना जीवनसत्त्वे आणि खनिजे यांची हिशेबाने जोड मिळाली आणि पशुवैद्याची देखरेख राहिली तरच. एवढे करणाऱ्या घराचे व्रत निष्कलंक राहते. ज्याला हे परवडत नाही वा जमत नाही, आणि अंडेही चालत नाही, त्याने हा निर्णय पिलू घरात आणण्यापूर्वीच घ्यायला हवा, कारण अन्नपाननिरोधाचा अतिचार आश्रिताच्या बाबतीतच घडतो, आणि उंबऱ्याच्या आत आलेले पिलू त्या क्षणापासून आश्रित झालेले असते.